फांदी कुणाच्या हद्दीत? नववीच्या वर्गाचं एक विनंतीपत्र आणि त्याचा ई-मेल

परळ-लालबाग पट्ट्यातली मराठी माध्यमाची शाळा. नववीची तुकडी, पट चाळीसचा. शाळा दोन अधिवेशनांत भरते आणि साडेबाराच्या सुमाराला एकाच फाटकातून सकाळची मुलं बाहेर पडतात, दुपारची आत शिरतात. त्या फाटकावर पर्जन्यवृक्षाची एक जाड फांदी कललेली आहे. महिना जूनचा. मराठीच्या बाईंनी गृहपाठ दिला : ही फांदी छाटण्यासाठी महानगरपालिकेला विनंतीपत्र लिहा.

हे प्रकरण कुठल्या एका शाळेचं नाही. पत्रलेखन शिकवताना वर्गावर्गांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका प्रसंगात गुंफून इथे मांडलं आहे.

दुसऱ्या दिवशी चाळीस वह्या जमा झाल्या. त्यातलं एक चांगलं म्हणावं असं पत्र :

प्रति,
मा. अधिकारी,
महानगरपालिका, मुंबई.
विषय : झाडाबाबत.
महोदय,
वरील विषयास अनुसरून आपणांस नम्र विनंती करण्यात येते की, मी आपल्या विभागातील एका शाळेचा विद्यार्थी आहे. झाडे ही आपले मित्र आहेत. ती आपल्याला सावली, फळे, फुले व प्राणवायू देतात. परंतु आमच्या शाळेजवळील एका झाडाची फांदी खूप धोकादायक झाली असून विद्यार्थ्यांचा जीव धोक्यात आला आहे. तरी आपण त्वरित योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व. कळावे,
आपला विश्वासू,
अ. ब. क.

मायना बरोबर, समास बरोबर, शेवट बरोबर, शुद्धलेखनाची चूक एकही नाही. परीक्षेत याला गुण मिळतील. पण हे पत्र खरोखरच विभाग कार्यालयाच्या आवक खिडकीवर गेलं, तर ते हातात घेणारा माणूस काहीच करू शकणार नाही. कोणती शाळा? कोणतं झाड? फांदी तुटली आहे, वाळली आहे की नुसती खाली आली आहे? कुणाला फोन करायचा? आणि ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे नेमकं काय हवंय? या एका शब्दप्रयोगात लिहिणाऱ्याने आपलं सगळं काम वाचणाऱ्याच्या गळ्यात घातलं आहे.

दोष मुलांचा नाही. त्यांना पत्राचा सांगाडा शिकवला जातो, कारण तपासायला सोपा तोच. राज्य मंडळाच्या नव्या आराखड्यात सगळा मजकूर डाव्या समासाला येतो, शेवटी ई-मेलचा पत्ता लिहायचा असतो. ही मांडणी ई-मेलला जवळची आहे, चांगलंच झालं. पण ‘प्रति’ डावीकडे लिहायचं की उजवीकडे यावर अर्धा तास खर्च होतो आणि पत्र मिळाल्यावर समोरच्याने उठून काय करायचं, हा प्रश्न तासाला येतच नाही. झाडांचे फायदे पत्रात शिरतात ते निबंधाच्या सवयीने. दहा ओळी भरायच्या आहेत आणि सांगायला तपशील नाही, मग प्राणवायू.

बाईंनी वह्या लाल केल्या नाहीत. पुढचा तास त्यांनी ‘खिडकीचा तास’ केला. हाच गृहपाठ केलेल्या शेजारच्या तुकडीच्या वह्या मागवल्या, म्हणजे पत्र कुणाचं हे वाचणाऱ्याला माहीत नाही. दोघांत एक पत्र आणि हाताएवढी कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या : मी कुठे जाऊ? तिथे जाऊन काय करू? अडलं तर कुणाला विचारू? उत्तर फक्त समोरच्या पत्रातून घ्यायचं, स्वतःला माहीत असलेलं घालायचं नाही. वेळ बारा मिनिटं. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यापैकी चौघांना वर्गात आणून बसवलं, पण त्यांना बोलायची बंदी.

ही बंदी सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर लिहिणारा मध्येच ‘अगं, म्हणजे आपल्या मेन गेटवरची’ असं सांगून टाकतो आणि पत्रातलं भोक तोंडाने बुजतं. खऱ्या खिडकीवर लिहिणारा सोबत नसतो. चिठ्ठ्या बहुतेक कोऱ्या आल्या. ‘मी कुठे जाऊ’समोर कुणी ‘मुंबई’ लिहिलं. वर्ग हसला, आणि गप्प बसायला लावलेल्या चौघांपैकी एकाने आपल्या वहीचं पान उलटून पाहिलं.

मग खाली जाऊन बघणं. वही, पेन्सिल, मोजपट्टीची टेप, पंधरा मिनिटं, पाच-पाच जणांचे गट. एका गटाने फाटकाची उंची मोजली : सात फूट. फांदी त्याच्या दुपटीहून जरा वर, म्हणजे अंदाजे पंधरा फूट. झाडाचं नाव शिपाईमामांनी सांगितलं. एका गटाने खोडाशी फांदी फुटते तिथली भेग पाहिली आणि हात लावून बघता येत नाही म्हणून ‘हातभर लांब’ असं लिहिलं. हे चालतं. ‘खूप मोठी’ चालत नाही.

तिसऱ्या गटाने जो प्रश्न आणला त्याने पत्रातली मागणीच बदलली असती. खोड कुंपणाच्या आत आहे की बाहेर? मुंबईत झाड तोडायला परवानगी लागते. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ हा त्याचा कायदा, आणि शहरात त्यासाठी वृक्ष प्राधिकरण आहे. रस्त्याकडेच्या झाडांची देखभाल पालिकेचं उद्यान खातं करतं, खाजगी आवारातल्या झाडासाठी मालकाला अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. म्हणजे खोड आत असतं तर पत्राचा प्रकारच वेगळा झाला असता : ‘तुम्ही येऊन छाटा’ याऐवजी ‘आम्हाला छाटायची परवानगी द्या’. इथे खोड फुटपाथवर निघालं. चाळीस पत्रांपैकी एकातही याचा उल्लेख नव्हता, कारण वर्गात बसून हा प्रश्न सुचणारच नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. फांदी कडाडत असेल, विजेच्या तारेवर आली असेल किंवा पडलीच असेल, तर पत्र लिहायचं नाही. मुलांना तिथून हलवायचं आणि पालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर किंवा अग्निशमन दलाच्या १०१ वर फोन करायचा. कुठल्या कामाला पत्र, कुठल्याला ई-मेल आणि कुठल्याला फोन हे न शिकवता पत्रलेखन शिकवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला होडी रंगवायला शिकवण्यासारखं आहे.

दुसरा खर्डा आला तेव्हा उलटी चूक झाली होती, आणि ती अपेक्षितच असते. आता मुलांकडे तपशील होते, म्हणून सगळे कोंबले. झाडाचा घेर, पानांचा रंग, मागच्या वर्षी पडलेली दुसरी फांदी, शेजारच्या चाळीतल्या आजोबांचं मत. काही पत्रं दोन पानांवर गेली. तिघांनी त्याच पत्रात गटाराचं तुटलेलं झाकण आणि फाटकासमोरचा कचराही घातला. बाईंनी दोन नियम दिले. पहिला, मजकूर एकशेदहा शब्दांत. दुसरा, एका पत्रात एकच विनंती. दुसऱ्या नियमाचं कारण कागदाच्या प्रवासात आहे. विभाग कार्यालयात उद्यान, घनकचरा, रस्ते, पर्जन्य जलवाहिन्या ही वेगवेगळी खाती. तीन विनंत्यांचं पत्र एका टेबलावर जातं, तिथे एकच विनंती वाचली जाते आणि बाकीच्या दोन फाइलमध्ये झोपतात. झाकणासाठी वेगळं पत्र, कचऱ्यासाठी वेगळं.

काटछाट करताना बाईंनी फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवला : हे वाक्य काढलं तर खिडकीवरच्या माणसाचं काय अडेल? ‘वरील विषयास अनुसरून आपणांस नम्र विनंती करण्यात येते की’ हे काढलं, काहीच अडत नाही. विषय वर आहेच, तो वाचूनच माणूस खाली आला आहे. इथे काही शिक्षक वाद घालतात की ही सरकारी पत्राची रीत आहे. रीत आहे खरी, पण नऊ शब्दांची आहे, आणि एकशेदहात नऊ शब्द खूप होतात. ‘जीव धोक्यात’ गेलं आणि त्या जागी मुलं फांदीखालून किती वाजता जातात ते आलं. वेळ सांगितली की धोका न सांगता कळतो.

‘मागच्या वर्षी पडलेली फांदी’ काढायची की ठेवायची यावर वर्गात चांगलं भांडण झालं. शेवटी काढली. ती ठेवली असती तरी चुकलं नसतं, असं आमचं मत.

स्वर हा वेगळा प्रश्न निघाला. ‘खूप नम्र’ पत्रं कापल्यावर काहींची पत्रं हुकमी झाली : ‘ताबडतोब फांदी छाटा.’ मराठीत याची सोय क्रियापदातच आहे. ‘छाटा’ ही आज्ञा, ‘छाटाल का’ हे ओळखीच्या माणसाला, ‘छाटावी’ ही विनंती. औपचारिक पत्राला ‘-वी, -वे, -वा’ पुरतं, मग ‘नम्र’, ‘कृपया’, ‘हात जोडून’ असं तीन-तीनदा लिहावं लागत नाही. ‘करण्यात यावी’ मात्र टाळावं. त्यात कोण करणार हेच हरवतं. आणि ‘आपण’ने सुरू केलं तर शेवटपर्यंत ‘आपण’. मध्येच ‘तुमच्या कार्यालयात’ आलं की वाचणाऱ्याला खडा लागतो.

हुद्दा लिहिताना घोळ होतो तो आणखी वेगळाच. ‘सहायक’ की ‘सहाय्यक’? बरोबर रूप सहायक. पण मुलांना नियम पाठ करायला लावण्यापेक्षा कार्यालयाबाहेरच्या फलकावरून किंवा पालिकेच्या संकेतस्थळावरून हुद्दा जसाच्या तसा उतरवून घ्यायला लावणं बरं. माणसाचं नाव घालू नये. बदली होते आणि पत्र जुन्या साहेबांच्या मागे फिरत बसतं.

तिसऱ्या खर्ड्यातून वर्गाने मिळून ठरवलेलं पत्र असं :

(शाळेचे नाव व पत्ता, पिन कोडसह)
जावक क्र. ……  दिनांक ……
प्रति,
मा. सहायक आयुक्त,
…… विभाग कार्यालय,
बृहन्मुंबई महानगरपालिका.
(उद्यान खात्यासाठी)
विषय : शाळेच्या फाटकावर कललेली पर्जन्यवृक्षाची फांदी छाटण्याची विनंती.
महोदय/महोदया,
आमच्या शाळेच्या मुख्य फाटकावर पर्जन्यवृक्षाची एक फांदी कलली आहे. तिची पाहणी करून छाटणी करावी, ही विनंती.
झाडाचे खोड शाळेच्या कुंपणाबाहेर, फुटपाथवर आहे. फाटकाकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताला. फांदी जमिनीपासून अंदाजे १५ फुटांवर असून खोडाशी हातभर लांबीची भेग दिसते. रोज दुपारी १२.२० ते १२.४५ या वेळेत दोन्ही अधिवेशनांची मुले तिच्याखालून ये-जा करतात.
छाटणीचा दिवस आधी कळवल्यास त्या दिवशी आम्ही मागचे फाटक वापरू.
संपर्क : शाळेचे कार्यालय, दूरध्वनी ……, सकाळी ८ ते दुपारी ५.
सोबत : छायाचित्रे २.
आपली विश्वासू,
(सही)
मुख्याध्यापिका

विनंती दुसऱ्याच वाक्यात आली आहे, कारणं तिच्यामागून. मुलांचा ओढा उलटा असतो, आधी गाऱ्हाणं सविस्तर आणि शेवटी मागणं. मागच्या फाटकाचं वाक्य शेवटच्या बाकावरच्या मुलाने सुचवलं आणि पूर्ण पत्रातलं ते सगळ्यात कामाचं वाक्य आहे. छाटणीला आलेल्या माणसांची पहिली अडचण खालची गर्दी हीच असणार. ती आधीच सोडवून दिली आहे.

सही मुख्याध्यापिकांची का, असं मुलांनी विचारलं. शाळेच्या वतीने विद्यार्थी पत्र पाठवू शकत नाही. त्याचा मसुदा होतो, तो शाळेच्या लेटरहेडवर जावक क्रमांक घालून जातो. त्या क्रमांकाची नोंद जावक रजिस्टरमध्ये कशी होते हे पाहायला प्रत्येक गटातला एक जण कार्यालयात जाऊन आला. पाच मिनिटांचं काम, पण पत्राला घरचा पत्ता असतो हे त्यातून कळतं. तसंच पोचचं : पत्राच्या दोन प्रती न्यायच्या, एक खिडकीत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन परत आणायची. हा क्रमांक नसेल तर पुढचा पाठपुरावा हवेत.

आता ई-मेल. मजकूर तयार असल्याने हा भाग सोपा जाईल असं वाटतं. तो जात नाही, कारण इथे अडचणी भाषेच्या कमी आणि हाताच्या जास्त.

संगणक कक्षात चालू यंत्रं सहा, मुलं चाळीस. म्हणून आधी कागदावर पडदा आखला : वर पत्त्याची चौकट, खाली प्रतीची, मग विषयाची, मग मजकुराची मोठी चौकट आणि कोपऱ्यात जोडपत्राची पिन. मुलांनी पेन्सिलीने मेल लिहिला. निम्म्यांनी अख्खा मजकूर विषयाच्या चौकटीत लिहिला, व्हॉट्सॲपसारखा. काहींनी विषय कोरा सोडला. ‘महोदय’ बहुतेकांनी गाळलं, ‘सर, प्लीज फांदी कापा ना’ असं दोघांनी लिहिलं.

विषयाची ओळ पत्रातून जशीच्या तशी उचलून चालत नाही. मोबाइलवर तिचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. ‘शाळेच्या फाटकावर कललेली पर्जन्यवृक्षाची फांदी…’ इथे ओळ तुटली तर काय हवंय ते दिसतच नाही. वर्गाने ती फिरवली : ‘फांदी छाटणीची विनंती : (शाळेचं नाव), परळ’. काम आधी, जागा नंतर, झाडाची जात खाली मजकुरात.

लिहिण्याचा क्रम बाईंनी उलटा लावून दिला. आधी जोडपत्र जोडायचं, मग मजकूर, मग विषय आणि सगळ्यात शेवटी पत्ता. पत्त्याची चौकट रिकामी असली की चुकून बटण दाबलं तरी मेल जात नाही. ‘सोबत छायाचित्रे जोडली आहेत’ लिहून छायाचित्रं न जोडण्याची जी चूक मोठ्यांकडूनही होते, तीही या क्रमाने टळते. जीमेलमध्ये पाठवलेला मेल परत ओढायची मुदत जास्तीत जास्त तीस सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती सेटिंगमध्ये जाऊन वाढवून घेतली. जोडपत्रांची एकूण मर्यादा तिथे २५ एमबी. दोन फोटो त्यात आरामात बसतात, पण ‘आयएमजी’ आणि पुढे आठ आकडे असं फाइलचं नाव कुणाच्याच कामाचं नाही. नावं बदलली : ‘फाटक-समोरून’, ‘भेग-जवळून’.

खरा गोंधळ झाला तो अक्षरांचा. शाळेच्या कार्यालयात पत्र टाइप झालं होतं जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये. त्या संगणकावर ते सुबक दिसत होतं, पण तिथून उचलून मेलमध्ये चिकटवलं तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. कारण अशा फाँटमध्ये आत साठवलेली अक्षरं मराठी नसतातच, रोमन अक्षरांना मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फाँट समोरच्या यंत्रावर नसला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, लिहिलेलं मराठी मात्र कुठेही मराठीच राहतं. उपाय दोन : मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणं, मग इनस्क्रिप्ट कळफलकावर असो की मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डवर, किंवा पत्राची पीडीएफ करून जोडणं. वर्गाने दोन्ही केलं. मजकूर मेलमध्ये युनिकोडमध्ये, आणि सही-शिक्क्याचं पत्र पीडीएफ म्हणून सोबत. नुसती पीडीएफ जोडून मेल कोरा सोडू नये. मोबाइलवर मेल उघडणारा माणूस जोडपत्र उघडेलच असं नाही.

मेल शाळेच्या खात्यावरून गेला, मुलांच्या नाही. मुलांचे वैयक्तिक पत्ते आणि मोबाइल क्रमांक अशा मेलमध्ये कुठेच येऊ नयेत. प्रत मुख्याध्यापिकांना.

घरगुती पत्राला इथे एकच तास मिळाला, तोही पुरला. त्याच फांदीविषयी गावाकडच्या आजीला लिहा, पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर मावेल इतकं. ‘ती. आजीस, सा. न. वि. वि.’ आणि पुढे? आजीला पंधरा फूट नको, खोडाची जागा नको. तिला हवंय की नातवंड त्या फांदीखालून जातं का. मायना तोच शिकवला जातो, पण काय सांगायचं ते वाचणाऱ्यावर ठरतं, हे सरकारी पत्रापेक्षा आजीच्या कार्डावर लवकर कळलं. कार्डावर पिन कोड लिहायला निम्मा वर्ग विसरला.

तपासणी कशी करायची हा बाईंचा शेवटचा पेच. दहापैकी चार गुण खिडकीच्या चिठ्ठीला दिले : दुसऱ्या तुकडीतल्या मुलाला पत्रावरून तिन्ही रकाने भरता आले का. तीन गुण विनंतीची जागा आणि स्पष्टता, दोन मांडणी व मायना, एक शुद्धलेखन. शुद्धलेखनाला एकच गुण ही गोष्ट पालकांना आवडणार नाही, पण ‘विनंती’ची वेलांटी चुकली म्हणून फांदी छाटायची राहत नाही. मंडळाच्या परीक्षेचं गणित वेगळं आहे हे मुलांना साफ सांगितलं. तिथे मांडणी चुकली तर गुण जातात, आणि तपशील कल्पनेने घालावे लागतात. पण कल्पनेने घालायचे तेही असेच : जागा, वेळ, संपर्क. प्राणवायू तिथेही नको.

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर पाठवायचा मेल वर्गाने आधीच लिहून ठेवला. नवा मेल नाही, जुन्यालाच उत्तर, म्हणजे पहिलं पत्र आणि फोटो खाली तसेच राहतात :

महोदय/महोदया,
दिनांक …… रोजी दिलेल्या आमच्या पत्राबाबत (आवक क्र. ……) हा मेल आहे. शाळेच्या फाटकावरची फांदी अजून तशीच आहे. भेग आज पाहिली, ती वाढलेली नाही. पाहणीचा दिवस कळवावा, ही विनंती.
संपर्क : शाळेचे कार्यालय, दूरध्वनी ……

‘ती वाढलेली नाही’ हे लिहावं का, यावरून वर्ग पुन्हा भांडला. वाढली नाही असं लिहिलं तर कुणी येणार नाही, असं एका गटाचं म्हणणं. ते वाक्य ठेवलं. मात्र मेल पाठवायच्या दिवशी सकाळी खाली जाऊन भेग पुन्हा बघायची आणि जे दिसेल तेच लिहायचं, हे काम दोघांना वाटून दिलं.